तुळसाबाईची निळी रांगोळी

एका डोंगरी राज्यात सीमेवरच्या चकमकी कधी थांबत नसत. जखमी शिपाई गडाखालच्या रुग्णशाळेत यायचे आणि त्यांतले बरेच तिथेच दगावायचे. मग घरी निरोप जायचा, "तुमचा मुलगा जखमांनी वीरगतीला गेला." तापाने जावो की हगवणीने, निरोप तोच. ऐकायला बरा वाटायचा, म्हणून पुढे कुणी काही विचारत नसे. राजा नव्या ढाली घडवायचा आणि आपण शिपायांसाठी फार केलं असं समजायचा.

रुग्णशाळेची मुख्य परिचारिका तुळसाबाई हिने मात्र दोन मडकी ठेवली होती. जखमेने कुणी गेला की एकात चिंचोका टाकायची, आजाराने गेला की दुसऱ्यात. दर महिन्याला ते मोजायची. राजवैद्य हसायचे, "बाई, चिंचोके मोजून कुणी बरं होतं का?"

दसऱ्याला राजा रुग्णशाळेत यायचा. त्या सकाळी तुळसाबाईने दारापुढे रांगोळीचं मोठं फूल काढलं. दर महिन्याची एक पाकळी. जखमांनी गेलेल्यांचा रंग लाल, आजाराने गेलेल्यांचा निळा. रांगोळी तुडवून आत जाणं राजालाही शोभत नाही. तो थांबला.

"निळा जरा जास्तच झालाय, तुळसाबाई."

"जास्त नाही महाराज. माणसं गेली तेवढाच भरलाय."

तिने सगळं उलगडून सांगितलं. वैशाखाच्या पाकळीत निळा जवळजवळ नव्हता. त्या महिन्यात रुग्णशाळेची विहीर आटली होती आणि पाणी नदीवरून यायचं. ज्येष्ठात पावसाने विहीर भरली, आषाढात निळा रंग उंबऱ्यापर्यंत पोचला. शेजारच्या तबेल्याचं गटार विहिरीत झिरपत होतं.

ती विहीर राजानेच खोदवली होती. तिच्यावर त्याचं नाव होतं.

"म्हणजे माझे शिपाई मीच मारले?" राजाचा आवाज चढला.

"पाणी मी पाजलं, महाराज," तुळसाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आषाढात सगळ्यांत जास्त माणसं माझ्याच दालनात गेली. तो रंगही मी कमी भरला नाही."

राजा आषाढाच्या पाकळीपाशी खाली बसला. मग त्याने विहीर बुजवायला सांगितली, नावासकट. गटार दूर वळवलं. पाणी नदीवरून येऊ लागलं.

पुढच्या दसऱ्याला रांगोळीत निळ्याची एक बारीक रेघ उरली होती. राजवैद्यांनी तुळसाबाईचं मनापासून कौतुक केलं. राजा मात्र वाकून त्या रेघेकडे बघत होता.

"हे कोण?" त्याने विचारलं. "यांची नावं सांग मला."

तात्पर्य: हिशोबात आपलीच चूक निघत असली तरी तो खरा मांडावा आणि खरा ऐकावा, त्यानेच पुढची माणसं वाचतात.