राखेच्या पाखरांची परी

डोंगराच्या कुशीत आवडी नावाची चिमुरडी राहायची. आई तापाने फणफणलेली, मडक्यात मूठभर नाचणी. भात पेरायचं तर आधी वाफ्यावर काटक्या-पाला रचून राब जाळायचा. राखेशिवाय रोप जोम धरत नाही. म्हणून भर दुपारी आवडी करवंटीत निखारा घेऊन निघाली. एकटीच. (मलाही ते पटलेलं नाही, पण आईला उठवतच नव्हतं.)

सोनसळी ऊन पसरलेलं. कुंपणाच्या करवंदीवर जांभळे मणी चमकत होते. पण एक पाखरू बोलेल तर शपथ!

आवडी निखारा ठेवायला वाकली आणि रचून ठेवलेल्या राबाने श्वास घेतला.

काटक्यांमध्ये लावरी पक्षिणीची इवलीइवली अंडी होती. त्यांच्यामागून धुरासारखी एक परी उठली. झगा चंदेरी, पंखांच्या कडा करपलेल्या.

"आवडे, एक इच्छा माग. पण यांच्यासमोर. आणि जळालेलं परत मागायचं नाही."

कुंपणावर पाखरं बसली होती. राखेची. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. आजवर राबात जळालेली सगळी. चोची उघडत होती, आवाज मात्र नव्हता.

आवडीला डोळ्यांपुढे भात दिसला, वाफाळता. मग तिने अंड्यांकडे पाहिलं. "यांतली पिल्लं निघून जाईपर्यंत इथे आग नको, कोयता नको."

"दिलं. पण राखण तुझी."

तेवढ्यात शेजारचा धाकूकाका राबासाठी कुंपणाच्या फांद्या तोडायला आला. त्याला फक्त आवडी आणि अंडी दिसली.

"राब पेटव की गं! भाताऐवजी अंडी पेरणार हायस?"

"काका, पिल्लं निघायचीत."

"मग बारसं करून जातो!" त्याने कोयता उगारला. आवडी करवंदीला पाठ लावून उभी राहिली. काटे रुतले, पण ती हलली नाही. मग काकालाही ती पाखरं दिसली. कोयता गळून पडला.

"आये गं…! आवडे, चल, घराकडं चल!"

"तुम्ही जा. मी राखणीला आहे."

ती रोज बसली. एका सकाळी लावरीची पिल्लं तुरुतुरु गवतात पळाली. तशी राखेची पाखरं एकदम उडाली, वाफ्यावर आली आणि त्यांनी अंग झटकलं. भुरभुर, भुरभुर राख पडली. काळीभोर, मऊ. वाफा झाकून गेला. कुंपण रिकामं झालं.

"राब झाला तुझा," परी म्हणाली. करपलेल्या कडा लखलखल्या, सोनेरी उजेड झाला, आणि उजेडात ती विरून गेली.

त्या वर्षी आवडीच्या भाताला सगळ्यात भरघोस लोंब्या आल्या. तेव्हापासून त्या गावात कुंपण तोडायचं आणि राब भाजायचा तो होळीच्या आधीच. पाखरं घरटी बांधायला लागली की कोयता आढ्याला. आणि कुणी विसरलंच, तर धाकूकाका हळूच म्हणतो, "आधी काटक्यांना कान लाव."