वाघाच्या मनातलं

फार पूर्वी तळ्याकाठच्या जांभळावर एक हुप्प्या पहाऱ्याला बसायचा. वाघ दिसला की तो ओरडायचा आणि हरणं पळायची. पुढे त्याला वाटलं, नुसतं बघून ओरडण्यात कसली अक्कल? मग तो वाघाचे कान, शेपूट न्याहाळून त्याच्या मनातलं ओळखू लागला आणि शिकारीचा बेत दिसला तरच ओरडू लागला. हरणं खूश झाली. उगाचची पळापळ थांबली.

एका दुपारी वाघ तळ्याकडे निघाला. शेपूट सैल, जीभ बाहेर. त्याला तहानच लागली होती. हुप्प्या गप्प राहिला. काठावर वाघाला एका हरणीचं पाडस दिसलं आणि त्याने ते उचललं.

“मी चुकलो नाही गं,” हुप्प्या तिला म्हणाला. “तो खरंच पाणी प्यायला निघाला होता.”

“असेल,” हरणी म्हणाली. “माझं पाडसही पाणी प्यायलाच गेलं होतं.”