शिरसोंडीचा आठळ्यांचा विस्तव

आज दिव्यांची अवस आहे, म्हणून तुम्हाला हे बघायला मिळतंय. ही जी माणसं मडकी घेऊन ओहोळावरच्या साकवावरून, म्हणजे त्या छोट्या पुलावरून, इकडे येताहेत, ती वरच्या वाडीची. आज त्यांच्या घरात सकाळपासून चूल पेटलेली नाही, गॅससुद्धा नाही. आमच्या खालच्या वाडीत दुपारी फणसाच्या आठळ्या भाजतात आणि त्या राखेतला निखारा, वर आठळ्या घालून, त्यांच्या मडक्यात देतात. तो घरी नेला की मग त्यांचा स्वयंपाक. शिरसोंडीत हे किती वर्षं चाललंय ते कुणाला सांगता येत नाही. मी भिवा घाडी, मला माझ्या चुलत्याने सांगितलं ते सांगतो.

पूर्वी या दोन वाड्यांत पाण्यावरून वैर पडलं. वरच्यांनी ओहोळाला बांध घालून पाट आपल्या शेतांकडे वळवला. खालच्यांनी तो बांध फोडला. डोकी फुटली. तेव्हा वरच्या वाडीचा प्रमुख सोमा गावकर याने देवळात नारळ ठेवून सगळ्या वाडीला शपथ घातली, की ओहोळापलीकडे कुणी पाणी द्यायचं नाही आणि विस्तव द्यायचा नाही. जो देईल तो वाडीतून उठला. हे कळल्यावर खालच्यांनीही आपल्या बाजूने तशीच शपथ घेतली, आणि वर ‘मागणारही नाही’ असं जोडलं.

आता तुम्हाला वाटेल, विस्तव न देण्यात एवढं काय? पण तेव्हा काडेपेटी नव्हती. रात्री निखारे राखेत पुरायचे, सकाळी फुंकून उकरायचे. एखाद्या घरची चूल विझली तर बाई करवंटीत शेजारचा निखारा घेऊन यायची. विस्तव बंद केला म्हणजे माणूसच तोडला.

चार वर्षं अशी गेली म्हणे. पाचव्या आषाढात ओहोळ असा चढला, की खालच्या वाडीत सगळ्या घरांत पाणी शिरलं. लाकडं, शेणी, साठवलेलं सगळं भिजलं आणि एकूण एक चूल विझली. गारगोटी होती, पण कापूस ओला, हवा ओली. तीन दिवस ठिणगी धरेना. त्यातच भागी नावाची एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली.

पाणी ओसरल्यावर सोमा गावकराची सून सगुणा ओहोळावर भांडी घासत होती. पलीकडे भागीची सासू येऊन उभी राहिली. या दोघींनी चार वर्षांत एकमेकींना हाक मारली नव्हती.

“पोर झालं,” म्हातारी म्हणाली.

“काय झालं?”

“मुलगी. पण गार पडतेय गो. शेकायला काही नाही. भागीच्या पोटातही तीन दिवस कढत काही गेलं नाही.” मग म्हणाली, “मी मागत नाही हां. सांगते फक्त.”

सगुणा भांडी उचलून घरी आली. तिला स्वतःला मूल नव्हतं. एक झालं होतं, ते असंच पावसात गेलं होतं. तिने कोनाड्यात लाल मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या काढल्या, धुतल्या, कोयतीने एकेकीला चीर दिली आणि चुलीतल्या फुफाट्यात पुरल्या. भाजल्यावर मडक्यात तळाला राख, राखेत चार लालभडक निखारे, वर पुन्हा राख आणि त्यावर आठळ्या अशा भरल्या. पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली.

सासरा पडवीत काथ्या वळत बसला होता.

“काय नेतेस?”

“आठळ्या. पलीकडे बाळंतीण आहे.”

शपथ पाण्याची आणि विस्तवाची होती. अन्नाचं नाव त्यात नव्हतं. सोमा पुन्हा काथ्या वळू लागला. ती अंगणाच्या पायरीपर्यंत गेली आणि मडक्यात फाटकन आवाज झाला. घाईत एका आठळीला चीर द्यायची राहिली होती. झाकण उडालं, राख उडाली. शेजारच्या पडवीतली माणसं उठून उभी राहिली. गार मडक्यात आठळी फुटत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

सगुणाने मागे वळून सासऱ्याकडे बघितलं. तो काथ्याकडे बघत होता. तिने झाकण उचललं, मडक्यावर ठेवलं आणि ती साकवावरून पलीकडे गेली.

त्या संध्याकाळी खालच्या वाडीतल्या सगळ्या चुली त्या चार निखाऱ्यांवर पेटल्या, असं सांगतात. मुलगी जगली.

दुसऱ्या दिवशी वरची वाडी देवळात जमली. सगुणाला मध्ये उभी केली. तिने नाकबूल केलं नाही. “दिला. परत वेळ आली तर परत देईन,” एवढंच बोलली. गुरवाने देवाला कौल लावला. उजवी कळी पडली तर बाईला माफी, डावी पडली तर घराबाहेर. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवल्या आणि सगळे वाट बघत बसले. दुपार झाली. एकही कळी पडेना. पुसून पुन्हा लावल्या, तिसऱ्यांदा लावल्या. देव बोललाच नाही.

तेव्हा सोमा गावकर उठला. “आवाज मीही ऐकला,” तो म्हणाला. “अडवायचं तर मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं. शपथ मीच घातली आणि मीच मोडली. आता तिला बाहेर काढाल तर मलाही काढा.”

गावकरालाच काढायचं कसं, हे कुणाला सुचेना. सोमा घरी गेला. त्याच्या आज्यापासून न विझलेली चूल होती, तिच्यावर त्याने कळशी ओतली. रिकामं मडकं घेतलं आणि ओहोळ ओलांडून भागीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“माझी चूल विझली,” तो म्हणाला. “विस्तव द्या.”

खालच्या वाडीची माणसं जमली. शपथ त्यांचीही होती. कुणी हललं नाही. सोमा पावसात तसाच उभा. शेवटी भागीची सासू आत गेली आणि चिमट्यात निखारा धरून आली.

“आठळ्या नाहीत हो आमच्याकडे, पुरात गेल्या,” ती म्हणाली. “नुसताच घ्या.”

तो दिवस दिव्यांच्या अवसेचा. तेव्हापासून शपथ सुटली. पाण्याचं भांडण मात्र लगेच मिटलं नाही. पाट दोन्हीकडे फिरायला पुढे सहा-सात वर्षं लागली. पण विस्तव कुणी अडवला नाही.

आजही वाद होतात. माझा आणि वरच्या वाडीतल्या यशवंत गावकराचा बांधावरून कोर्टात दावा चालू आहे. आम्ही बोलत नाही. मघाशी तो आला, माझ्या ओटीवर बसला, चार आठळ्या सोलून खाल्ल्या. मी त्याच्या मडक्यात निखारा घातला. तो घेऊन गेला. पुढची तारीख सोमवारी आहे.