बंबाचे निदान

"मग खरवडायचा की नाही?"

पद्मनाभशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारले. आणि या खेपेस ओरडून विचारले, कारण पूर्णाश्रमस्वामींचे कान गेल्या सहा वर्षांत हळूहळू मिटत आले होते.

स्वामी मठाच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात पाय पसरून बसले होते. त्यांनी शिष्याच्या ओठांकडे पाहिले.

"काय खरवडायचं?"

"बंब, महाराज! बंब!"

"हां... बंब."

मठाच्या न्हाणीघरात तांब्याचा एक जुना बंब होता. त्याच्या पोटातल्या नळकांड्यात ढलप्या पेटवल्या की भोवतालचे पाणी तापे आणि मठातली अकरा माणसे त्या पाण्याने स्नान करीत. पंधरा दिवसांपूर्वी तो तापता तापता आवाज करू लागला. कोठीची आणि न्हाणीघराची व्यवस्था शास्त्र्यांकडे होती. तेव्हा हा आवाजही त्यांच्याच वाट्याला आला.

शास्त्री बारा वर्षे न्यायशास्त्र शिकून मठात आलेले. लक्षण निर्दोष सांगता आले की वस्तू डोळ्यांपुढे असण्याची गरज उरत नाही, अशी त्यांची धारणा होती, आणि ती ते चारचौघांत बोलूनही दाखवीत. म्हणून कारागिरांना दोनशे पायऱ्या चढायला लावून टेकडीवर आणण्याऐवजी ते स्वतःच खाली पेठेत उतरले होते. एकदा नव्हे, चारदा.

"बाबू तांबट म्हणतो, तळाला क्षाराचा थर बसला आहे, चिंचेचं पाणी ओता आणि खरवडून काढा. हुसेन कल्हईवाला म्हणतो, खबरदार, थराला हात लावलात तर! थर आहे म्हणून तळ टिकून आहे. तो निघाला की बंब चाळणीसारखा गळेल. खरा दोष धुराड्यात आहे, काजळी झाडा. नळवाला म्हणतो, तळ नको नि धुराडंही नको, तोटीत हवा कोंडली आहे. आणि भांड्यांचे दुकानदार रेवणशेट... ते तर हसले! म्हणाले, शास्त्रीबुवा, हा आता फुटणार. मोडीत घाला आणि गीझर घ्या."

"चांगली माणसं आहेत," स्वामी म्हणाले.

"चांगली?" शास्त्र्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पहिल्याचं ऐकावं तर दुसऱ्याच्या मते बंब गळतो. दुसऱ्याचं ऐकावं तर चौथ्याच्या मते आपण सगळे न्हाणीघरासकट उडतो! चौघेही पिढीजात धंद्यातले. प्रमाण मानावं तरी कोणाला?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? पेटवायचा बंद केला."

"बंद केला म्हणे!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. गोदाक्का हातात उलथने घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मठाची चूल त्यांच्या ताब्यात होती. "बंद करून सगळं न्हाणीघर माझ्या चुलीवर आणून ठेवलं, ते सांगा की! अकरा जणांचं पाणी तापवू की डाळ शिजवू? आठ दिवस झाले, या मठात दुपार कलल्याशिवाय कोणाच्या पोटात घास नाही."

"आक्का, मी महाराजांशी बोलतो आहे."

"बोला, बोला. बोलण्यात तुमचा हात कोण धरणार! तिकडे दासोबुवा मात्र विहिरीवर जाऊन आले."

शास्त्र्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले.

दासोबुवांचे वय चौऱ्याऐंशी. स्नान झाल्याविना तोंडात पाणीही घ्यायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. परवा दुपारपर्यंत ते चुलीवरच्या पाण्याची वाट पाहत बसले, आणि शेवटी कोणाला न सांगता ऐन मार्गशीर्षात विहिरीचे पाणी डोक्यावर ओतून आले. तेव्हापासून ते तापाने अंथरुणाला खिळले होते. आज सकाळी वैद्य सांगून गेले होते की छाती फार भरली आहे. दिवसभर कढत पाण्याचा शेक चालू राहिला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये.

आतल्या खोलीत खोकल्याची उबळ उठली आणि किती तरी वेळ थांबली नाही.

स्वामींना तो खोकला ऐकू आला नाही. पण शास्त्र्यांचा चेहरा त्यांना दिसला.

"महाराज," शास्त्री म्हणाले. आता त्यांचा आवाज उतरला होता. "आपणच एकदाचं सांगा. खरवडू म्हणाल तर खरवडतो, मोडीत घाल म्हणाल तर घालतो. नाही तर ही व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. मला या बंबापुढे काही सुचेनासं झालं आहे."

"आवाज कसा येतो?"

"पंधरा दिवस तेच तर सांगतो आहे!"

"मला कानांनी कळत नाही, बाबा. चौघांना कळलं, म्हणजे तू नीट सांगितलं असशील. कसं सांगितलंस?"

"आवाज काढून दाखवला," शास्त्री म्हणाले. "तोंडाने."

गोदाक्कांनी पदर तोंडाला लावला.

"ये असा जवळ." स्वामींनी उजवा तळवा शास्त्र्यांच्या गळ्यावर ठेवला. "तांबटाला कसा दाखवलास?"

शास्त्र्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग खाकरून म्हणाले, "खड्... खडखड... खडखड."

तळवा हलला नाही.

"कल्हईवाल्याला?"

"घुर्रर्र... घुर्रर्र..."

"नळवाल्याला?"

"ठक्." शास्त्री थांबले. "ठक्... ठक्."

"आणि शेटना?"

"धडाड्! धड्धड्धड्धड्!"

ओट्याच्या वळचणीतली कबुतरे भर्रकन उडाली.

"फार मोठ्याने झालं," स्वामी म्हणाले.

"चौथ्या खेपेपर्यंत जीव टेकीला आला होता, महाराज!"

"असेल." स्वामी हात टेकून उठले. "चल."

न्हाणीघरात अंधुक उजेड होता. बंब कोपऱ्यात उभा होता. आठ दिवसांची राख त्याच्या जाळीखाली तशीच पडून होती. स्वामींनी पाणी काठापर्यंत आहे की नाही ते झाकण उचलून पाहिले, आणि कोनाड्यातल्या ढलप्यांकडे बोट दाखवले.

"पेटव."

"फुटला तर?"

"मीही इथेच आहे ना."

शास्त्र्यांनी राख ओढून काढली, ढलप्या रचल्या. दोन काड्या हातातच विझल्या. तिसरीने जाळ धरला.

स्वामींनी तोच उजवा तळवा बंबाच्या पोटावर टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काहीच झाले नाही...

मग बंब वाजू लागला.

शास्त्र्यांनी मान पुढे काढली. खडखड नव्हती ती. घुरघुर म्हणावी तर तीही नव्हती. ठकठक नाही, धडधड तर नाहीच नाही. पंधरा दिवस ज्या आवाजाने त्यांना छळले होते, तो जणू ते आज पहिल्यांदाच ऐकत होते. दूर कोणीतरी सुपात काही पाखडत असावे, आणि मध्येच हात थांबवून पुन्हा पाखडू लागावे, तसे काहीसे... पण तसेही नव्हते.

तळव्याला चटका बसू लागला तशी स्वामींनी तो उचलला आणि पुन्हा शास्त्र्यांच्या गळ्यावर ठेवला. तळवा कढत होता.

"आता काढ आवाज."

शास्त्र्यांनी तोंड उघडले.

...

त्यांनी ते मिटले.

बंब वाजत राहिला.

गोदाक्का घंगाळ घेऊन आत आल्या. त्यांनी बंबात वरून गार पाण्याच्या दोन चरव्या ओतल्या. तशी तोटीतून तेवढेच वाफाळते पाणी भळभळा आले. घंगाळ भरताच ते कमरेवर घेऊन, कोणाकडे न पाहता, त्या दासोबुवांच्या खोलीकडे निघून गेल्या.

शास्त्री ओल्या दगडावर उकिडवे बसले. मग त्यांनी मान वर केली. या वेळी ते ओरडले नाहीत. स्वामींना दिसतील असे ओठ मात्र त्यांनी सावकाश हलवले.

"महाराज... मग त्या चौघांपैकी चुकलं कोण?"

"कोणीच नाही," स्वामी म्हणाले. "तुझ्या गळ्यावर चौघांनीही बरोबर इलाज सांगितला. आता बंबासाठी कोणाला तरी वर बोलाव."