एक ‘राइट’ आणि दोन घोडे

घाटात मोटारी यायच्या आधीची गोष्ट. इस्माइलभाईंनी आपल्या बग्गीसाठी काजळी नावाची घोडी नवीन आणली होती. ती पलटणीत वाढलेली. तिथे ‘राइट’ म्हटलं की उजवीकडे वळायचं. तिच्या जोडीचा सुभान घोडा बाजारपेठेतला. तिथे उतारू बसले की गाडीवान ‘राइट’ म्हणत, म्हणजे निघायचं.

“मावशी, बरोबर अर्थ माझाच,” सुभान म्हणाला.

“अरे, मी खुद्द साहेबांकडून शिकलेय!” काजळी फुरफुरली.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर उतारू बसले आणि इस्माइलभाई ओरडले, “राइट!” सुभानने सरळ ओढ घेतली. काजळी उजवीकडे वळली, आणि उजवीकडे दरी होती. गाडी कलली. एक चाक रस्त्याबाहेर गेलं. आतलं लेकरू किंचाळलं. तरी आपलंच खरं करायला काजळीने पुन्हा पाय उचलला.

इस्माइलभाई उडी टाकून पुढे आले. तिच्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाले, “राइट, बेटा... राइट...”

यात वळायचं नव्हतं, निघायचंही नव्हतं; नुसतं ‘सगळं ठीक आहे’ होतं. काजळीने पाय खाली टेकला. सुभानही स्तब्ध झाला. उतारू एकेक करून उतरले आणि गाडी सावकाश रस्त्यावर आली.

संध्याकाळी तबेल्यात सुभानने विचारलं, “मावशी, मग खरा अर्थ कुणाचा?”

काजळीने आपल्यापुढचं गवत थोडं त्याच्याकडे सारलं. “कुणास ठाऊक. उद्या मालक म्हणतील, तेव्हा दोघं मिळून ऐकू.”