अध्यक्षांचं मानधन आणि सखाहरीची घंटा

एका गावात तेलगिरणीच्या कंपनीत एक भोळा शिपाई होता. नाव सखाहरी. तुम्ही जे सांगाल ते करणार, आणि अगदी सांगाल तस्सं करणार. मी त्या गिरणीत पेंड घ्यायला जायचो, म्हणून सांगतो, असला आज्ञाधारक माणूस वैऱ्याच्या दुकानात असावा.

कंपनीचे अध्यक्ष मल्लिनाथशेठ. त्यांना एकच घोर लागला होता. अध्यक्ष कंपनीतून किती मानधन घेतो, ते वार्षिक सभेत भागधारकांना सांगावं लागतं. आणि शेठना तर त्याच सभेत पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं. आकडा ऐकल्यावर कोण कशाला निवडून देतंय!

सभा तोंडावर आली होती. शेठ म्हणाले, "सखाहरी, हमालांना सांग, चहा आलाय."

सखाहरीनं जाऊन पुटपुटल्यासारखं सांगितलं. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? चहा निवला.

"येड्या, निरोप असा देतात? चौकात उभं राहून ओरडायचं!"

"बरं, शेठ."

मग वैद्यांचा निरोप आला, शेठचं मूळव्याधीचं औषध तयार आहे. सखाहरी चौकात उभा राहिला आणि ओरडला. नेमका बाजाराचा दिवस. शेठ संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडले नाहीत.

"अरे, असलं काही हळूच कानात सांगतात!"

"बरं, शेठ."

मग गोदामाला आग लागली. सखाहरी धावत शेठकडे गेला. शेठ जेवत होते. जेवणाऱ्याला मध्येच बोलू नये म्हणून थांबला. ताकभात झाला. मग कानाशी लागून म्हणाला, "शेठ, गोदाम पेटलंय. मी कुणाला बोललो नाही."

शेठनी कपाळ बडवलं. "चार लाख गेले रे! कंपनीचा एवढा पैसा जाताना दिसला, तर आधी गिरणीची घंटा बडवायची. लोक गोळा करायचे. आणि जिथून जातोय तिथं पाणी ओतायचं! आता एक चूक केलीस, तर नोकरी गेली समज."

सखाहरीनं सगळं पाठ केलं.

सभा गिरणीच्या अंगणातच भरली. शेठनी डाव टाकला. मानधनाचा विषय नेमका जेवणाच्या तोंडावर ठेवला. बुंदीचा वास सुटला की भागधारक न ऐकताच "मंजूर, मंजूर" करत उठतात. तसंच झालं. मंडळी पानांवर बसली. इकडे शेठ खाली बघून पुटपुटले, "अध्यक्षांचं मानधन, नऊ लाख."

जवळ फक्त सखाहरी होता, पंगतीच्या पाण्याची बादली घेऊन. त्यानं बोटांवर मोजलं. चाराला घंटा. हे तर नऊ!

घण घण घण! "धावा हो! कंपनीचे नऊ लाख चालले!"

पानं टाकून भागधारक धावले. "कुठं? कुठून चालले?"

"हे इथून!" म्हणत सखाहरीनं अख्खी बादली शेठच्या डोक्यावर उपडी केली.

"गाढवा!" शेठ किंचाळले. "माझं मानधन म्हणजे काय आग आहे? आणि आगीचे पैसे तर विम्यातून परत मिळाले!"

"आणि हे नऊ कधी परत मिळायचे, शेठ?" भागधारकांतल्या पारूकाकूंनी विचारलं.

शेठ धोतराचा सोगा पिळू लागले.

"परत नाही मिळत?" सखाहरीचे डोळे पांढरे झाले. "मग ही त्या आगीपेक्षा मोठी!" तो पळाला, दुसरी बादली भरून आणली, आणि चूक नको म्हणून शेठना अदबीनं विचारलं, "शेठ, ही पण ओतू का?"

शेठनी तोंड उघडायच्या आत सगळी सभा एका आवाजात ओरडली, "मंजूर!"