गाय उठते कशी?

"शाळा बंद! आणि पंतोजी, उद्या सूर्य मावळायच्या आत तुम्ही माझ्या राज्याची वेस ओलांडायची!" राजा प्रचंडराव गरजला.

विसोबा पंतोजींचा गुन्हा काय, तर पोरांना पाढ्यांबरोबर प्रश्न विचारायला शिकवलं! मुंगी एवढं ओझं घेऊन झाडावर चढते कशी, हे बघायला ते अख्खी शाळा चिंचेखाली नेत. दरबारातल्या सर्वज्ञशास्त्र्यांच्या पोटात दुखलं. त्यांनी राजाचे कान भरले. "महाराज, प्रश्न कोण विचारतो? ज्याला काही येत नाही तो! मी कधी कुणाला काही विचारलंय?"

पंतोजी हात जोडून म्हणाले, "महाराज, प्रश्न विचारायलाही अक्कल लागते."

"अस्सं? मग उद्या दरबारात तुमच्या पोरांनी आमच्या शास्त्र्यांना अडवून दाखवावं! तीन प्रश्न विचारू देतो. एकाला जरी शास्त्री चुकले, तरी शाळा राहील!"

झालं! शास्त्री चुकल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गवळ्याची साळू तर रडकुंडीला आली. गवळ्याच्या मुलीला शाळेत बसवून घेणारे पंतोजी पंचक्रोशीत एकच. ते गेले की दहाव्या वर्षीच तिची पाटी कायमची फुटली!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पाटलांचा केरबा उठला. "आभाळात तारे किती?"

"सात कोटी, सात लाख, सात!" शास्त्री मिशीवर ताव देत म्हणाले. "पटत नसेल तर मोजा!"

दरबार खो खो हसला. मग सुताराच्या दगडूनं विचारलं, "नदीत वाळूचे कण किती?"

"ताऱ्यांच्या दुप्पट! पटत नसेल तर मोजा!"

पंतोजींचं तोंड उतरलं. पण साळूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, हा माणूस उत्तर देतच नाही! कुणाला मोजता येणार नाही तिथंच याची मिजास! मग याला डोळ्यांसमोरचंच काहीतरी विचारावं. ती उठली, परकर सावरला आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, बसलेली गाय उठते, तेव्हा आधी कुठले पाय उचलते? पुढचे की मागचे?"

आता खरं सांगा, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

शास्त्री क्षणभर गडबडले. जन्मभर दूध प्यायलेला माणूस, पण गाईकडे बघितलंय कुणी! "पुढचे!" ते ठासून म्हणाले. "आधी डोकं वर, मग बाकीचं. पटत नसेल तर मोजा!"

"मोजायचं काय त्यात? पाय चारच आहेत!" साळू म्हणाली. "बघायलाच चला की!"

राजाला हसू आवरेना. "चला गोठ्यात!"

गोठ्यात कपिला गाय निवांत रवंथ करत बसली होती. सेनापती काठी घेऊन पुढे झाले, तशी साळू ओरडली, "हं! हाकलायचं नाही! तिच्या मनानं उठू द्या."

मग काय! राजा शेणामातीत उकिडवा बसला, त्याच्यामागं अख्खा दरबार. सगळे श्वास रोखून गाईकडे बघतायत आणि गाय शांतपणे सगळ्यांकडे! कुणी खोकलं, की राजाच बोट ओठांवर ठेवून "शूऽऽ!" करायचा.

घटकाभरानं कपिलेला पाण्याची आठवण झाली. तिनं मान पुढे झोकली आणि आधी मागचा भाग उचलला! पुढचे गुडघे अजून जमिनीवरच. शास्त्री जवळून बघायला वाकले होते, त्यांचं पागोटं शेपटीच्या फटक्यानं थेट शेणात!

"मागचे! मागचे!" राजा पोरासारखा टाळ्या पिटत ओरडला. मग एकदम थांबला. "आणि घोडा गं?"

"ते नाही ठाऊक, महाराज. आमच्या घरी घोडा नाही."

"माझ्याकडे चारशे आहेत, आणि मलाही ठाऊक नाही!" राजानं पंतोजींकडे वळून आवाज चढवला, "शाळा बंद!"

पंतोजींनी पुन्हा हात जोडले.

"आजच्या दिवसापुरती! सगळी पोरं तबेल्यात चला!"

पोरं उधळली. तबेल्यात पुन्हा तसंच दबा धरून बसणं झालं. अखेर एक पांढरी घोडी उठली, ती आधी पुढचे पाय रोवून! पोरं चक्रावली. आणि मागून कुणीतरी हळूच विचारलं, "गाईचं तसं, मग घोड्याचं असं का बरं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. पागोटं गेलेले, बोडक्या डोक्याचे सर्वज्ञशास्त्री!

साळू म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुम्हाला आता आमच्या शाळेत बसवून घ्यायला हरकत नाही! उद्या येताना पाटी आणा!"

राजा इतका हसला, की घोडी बिचकली. त्यानं पंतोजींच्या अंगावर शाल घातली आणि गोठा, तबेला, बाग, सगळं शाळेला खुलं केलं. मग घोडीचं शिंगरू आणवून त्याचा दोर साळूच्या हातात दिला. "घे! आता म्हणू नकोस, आमच्या घरी घोडा नाही!"

साळूनं शिंगराचं तोंड कुरवाळलं आणि राजाकडे बघितलं. "महाराज, हे उभ्यानंच झोपतं का हो?"

"अरे देवा!" राजा पोट धरून मटकन गवतावर बसला. "शास्त्रीबुवा, सरका जरा! आज आपल्याला इथंच थांबावं लागणार!"